अनुभव आमचा, पदवी कुणाची?

महाराष्ट्रातील विद्यापीठांत सध्या एका शब्दाची मोठी चलती आहे. 'अनुभवाधिष्ठित शिक्षण' हा तो शब्द. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तो उचलून धरला. २०२३ च्या शासन निर्णयानंतर क्षेत्र प्रकल्प, कार्य प्रशिक्षण, समाजसहभाग अशी नावे घेऊन तो पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या श्रेयांकांच्या तक्त्यात जाऊन बसला. त्यावर परिसंवाद झडत आहेत, प्राध्यापकांची उद्बोधन शिबिरे भरत आहेत. विद्यार्थी वर्गात रमत नाहीत, खडू-फळ्याला कंटाळले आहेत, म्हणून त्यांना वर्गाबाहेर काढा, हातांनी करू द्या, डोळ्यांनी पाहू द्या, म्हणजे ते शिकतील, असे सांगितले जात आहे.

सांगणे वाईट नाही. परंतु कोणताही शब्द पारखून घेण्याची सवय बाबासाहेबांनी आम्हाला लावली आहे. म्हणून आमचा साधा सवाल आहे की, हा अनुभव कुणाचा? तो कुणी घ्यायचा, कुणावर घ्यायचा, आणि शेवटी त्याचे गुण कुणी द्यायचे?

हा सवाल आम्ही उगाच विचारत नाही. या देशात शतकानुशतके एका वर्गाकडे पोथी होती आणि दुसऱ्या वर्गाकडे अनुभव होता. पोथीवाला पंडित ठरला, अनुभववाला अडाणी ठरला. चामडे कसे कमवावे हे ज्याला ठाऊक होते, लोखंड किती तापले की वाकते हे ज्याला नजरेने कळत होते, कोणत्या पावसावर कोणते बी टाकावे हे ज्या बाईला पाठ होते, त्यांच्या ज्ञानाला कुणी ज्ञान म्हटले नाही. त्यांच्या सावलीचा मात्र विटाळ मानला. आज तीच व्यवस्था अनुभवाचे गोडवे गाऊ लागली असेल, तर आपण तिचे स्वागत करावे, पण डोळे उघडे ठेवून करावे.

विचार आपल्याच घरचा

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. अनुभवातून शिकणे ही काही परदेशातून नव्याने आयात झालेली वस्तू नाही. डेव्हिड कोल्ब या अमेरिकन अभ्यासकाने १९८४ साली त्यावर पुस्तक लिहिले. अनुभव घ्या, त्यावर विचार करा, त्यातून सूत्र काढा आणि ते सूत्र पुन्हा करून पाहा, असे चक्र त्यांनी मांडले. हे चक्र आता प्रत्येक शिबिरात फळ्यावर काढले जाते. परंतु तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी आपल्या धम्माला 'एहिपस्सिक' म्हटले, म्हणजे या आणि पाहा. परंपरेने सांगितले म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, गुरू म्हणतो म्हणून मानू नका, स्वतः पारखा, हा कालामांना केलेला उपदेश कोणत्याही विद्यापीठाच्या दारावर लावावा असा आहे.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन सादर केले, तेव्हा त्यांनी नेमके याच दुखण्यावर बोट ठेवले होते. सरकारी शिक्षण कारकून तयार करते, स्वतंत्रपणे जगण्याच्या कामी ते येत नाही, अशी त्यांची तक्रार होती. मुलांना वाचन, लेखन, हिशेब यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे द्यावेत असे ते म्हणाले. एवढेच नव्हे, तर शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, ज्यांना वेळप्रसंगी नांगराचा रुमणा किंवा सुताराची वाकस हाती धरायला लाज वाटणार नाही, अशी त्यांची मागणी होती. आजच्या धोरणकर्त्यांनी ही मागणी नीट वाचावी. जोतीरावांनी विद्यार्थ्याच्या हाती अवजार देण्यापूर्वी शिक्षकाच्या हाती ते दिले होते!

आणि बाबासाहेब? १९१३ ते १९१६ या काळात ते कोलंबिया विद्यापीठात शिकले, तेव्हा जॉन ड्युई हे त्यांचे प्राध्यापक होते. याच ड्युईंनी १८९६ साली शिकागो विद्यापीठात प्रयोगशाळा-शाळा सुरू केली होती. मुले करून शिकतात, हे त्यांनी तेथे दाखवले. १९१६ साली त्यांचा 'डेमॉक्रसी अँड एज्युकेशन' हा ग्रंथ आला. लोकशाही म्हणजे केवळ सरकार चालवण्याची पद्धत नव्हे, ती एकत्र जगण्याची, अनुभवांच्या देवाणघेवाणीची रीत आहे, हा त्यातील विचार बाबासाहेबांच्या १९३६ च्या 'जातिसंहारा'त ठिकठिकाणी दिसतो. त्या भाषणात त्यांनी ड्युईंचे ऋण जाहीरपणे मान्य केले. १९५२ च्या जूनमध्ये बाबासाहेब कोलंबियाची मानद पदवी स्वीकारायला अमेरिकेत गेले, त्याच सुमारास ड्युई वारले.

याच ड्युईंनी १९३८ च्या 'एक्सपीरियन्स अँड एज्युकेशन' या पुस्तकात एक इशारा देऊन ठेवला आहे, तो आजचे शिबिरवाले सहसा सांगत नाहीत. प्रत्येक अनुभव शिकवतोच असे नाही. काही अनुभव माणसाची वाढ खुंटवतात, त्याला बोथट करतात, एकाच चाकोरीत जखडून टाकतात. आमच्या समाजाला हे ड्युईंनी सांगायची गरज नव्हती. आमच्या बापजाद्यांनी ते पाठीवर झेलले आहे.

जातीचा धंदा म्हणजे शिक्षण नव्हे

अनुभवाच्या नावाखाली जात मागच्या दाराने कशी येते, याचे ढळढळीत उदाहरण मद्रास राज्यात घडले. १९५३ साली मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी ग्रामीण प्राथमिक शाळांसाठी एक योजना आणली. शाळेची वेळ कमी करायची आणि उरलेल्या वेळात मुलांनी घरी आईबापांचा धंदा शिकायचा, अशी ती योजना होती. वरवर पाहता ती किती व्यवहार्य वाटते! श्रमाची प्रतिष्ठा वाढेल, हाताला काम मिळेल. परंतु भटजीचा मुलगा घरी काय शिकणार आणि भंग्याचा मुलगा घरी काय शिकणार? पेरियार आणि द्रविड चळवळीने त्या योजनेला 'कुलकल्वी', म्हणजे कुळाचे शिक्षण, हे नाव दिले आणि राज्यभर रान पेटवले. १९५४ साली राजाजींना पायउतार व्हावे लागले आणि कामराज यांनी ती योजना गुंडाळली.

आमच्या लोकांनी मुलांना शाळेत का घातले? मेलेले ढोर ओढण्याच्या, गावकीची राबणूक करण्याच्या 'अनुभवा'तून त्यांची सुटका व्हावी म्हणून घातले. खेडे सोडा, गलिच्छ कामे सोडा, हे बाबासाहेबांचे सांगणे म्हणजे त्या सक्तीच्या अनुभवाविरुद्धचे बंड होते. म्हणून कौशल्याच्या नावाने आमच्या मुलाला पुन्हा झाडू, कातडे आणि विटांच्या भट्टीकडे वळवले जात असेल आणि दुसऱ्याच्या मुलाला संगणकाकडे, तर त्याला आम्ही अनुभवाधिष्ठित शिक्षण म्हणणार नाही. ती नव्या कागदावरची जुनीच गावकी आहे.

वस्ती ही कुणाची प्रयोगशाळा?

दुसरा धोका अधिक सभ्य आहे, म्हणून तो लवकर दिसत नाही. समाजकार्याचे, समाजशास्त्राचे विद्यार्थी 'क्षेत्रभेटी'ला निघतात, तेव्हा बस कुठे थांबते? झोपडपट्टीत, पारधी तांड्यावर, सफाई कामगारांच्या वसाहतीत. प्रश्नावली बाहेर येते. घरात किती माणसे, संडास आहे का, नवरा दारू पितो का? बाई उत्तरे देते, मुलगी पाणी आणून देते, विद्यार्थी फोटो काढतात आणि बस निघून जाते. विद्यार्थ्याला श्रेयांक मिळतो, प्राध्यापकाला शोधनिबंध मिळतो. त्या बाईला काय मिळते? वर्षभराने पुन्हा तीच प्रश्नावली!

ही बस उच्चभ्रू गृहनिर्माण सोसायटीत का थांबत नाही? तेथे घरकाम करणाऱ्या बाईसाठी लिफ्ट वेगळी आहे का, भाडेकरूला आडनाव विचारले जाते का, लग्नाच्या जाहिरातीत पोटजात कशी लिहिली जाते, हाही या देशाचा अनुभवच आहे. जातीचा अभ्यास करायचा तर जातीने ज्यांना मिळवून दिले त्यांचाही अभ्यास करावा लागतो. आमची वस्ती तेवढी नमुना आणि त्यांची सोसायटी मात्र खासगी आयुष्य, हा कोणता न्याय?

डॉ. गोपाळ गुरू यांनी २००२ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त नेमका हा प्रश्न विचारला होता. सिद्धांत मांडणारे वरचे आणि अनुभवाचा कच्चा माल पुरवणारे खालचे, अशी ज्ञानक्षेत्रातच वर्णव्यवस्था उभी राहिली आहे, असे त्यांचे निदान होते. दलित विद्यार्थ्याने आत्मकथन लिहावे, कविता लिहावी, साक्ष द्यावी. त्याचा अर्थ दुसरा कुणी लावील! ही वाटणी मोडणे हे आजच्या आंबेडकरी विद्यार्थ्यापुढचे सर्वात मोठे बौद्धिक काम आहे, असे आम्हाला वाटते. आमच्याकडे अनुभव आहे एवढे पुरेसे नाही. त्या अनुभवाचे सूत्र आम्हीच काढले पाहिजे.

श्रेयांक आणि खिसा

तिसरा प्रश्न पोटाचा आहे. प्रत्यक्ष कामाच्या एका श्रेयांकाला तीस तास धरले जातात. चार श्रेयांकांचे कार्य प्रशिक्षण म्हणजे एकशेवीस तास, म्हणजे रोज आठ तासांप्रमाणे पंधरा दिवस. ज्याच्या काकांची कंपनी आहे, ज्याच्या मामाचे वकिली कार्यालय आहे, त्याला हे पंधरा दिवस म्हणजे सहल आहे. परंतु दिवाळीच्या सुट्टीत कापूस वेचायला जाणाऱ्या, उन्हाळ्यात बांधकामावर जाऊन पुढच्या सत्राची फी जमवणाऱ्या मुलाचे काय? त्याची पंधरा दिवसांची मजुरी बुडते. शिवाय शहरात जायचे भाडे, राहण्याची जागा, जेवण हा सारा खर्च त्याच्याच माथी बसतो. शिष्यवृत्ती वर्ष उलटले तरी खात्यात आली नाही, ही तर विद्यार्थ्यांची नेहमीची रड आहे. विधी शाखेत तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान बारा आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान वीस आठवडे प्रशिक्षण बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी सक्तीचे केले आहे. बिनपगारी राबणे ज्याला परवडते, त्याचाच अनुभव प्रमाणपत्रावर चढतो.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. त्या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. शिक्षणाची संधी आणि शिकताना पोट भरण्याची सोय या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. सिद्धार्थ महाविद्यालयाचे वर्ग त्यांनी सकाळी भरवले ते नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' ही योजना उभी केली तीही याच जाणिवेतून. तेथे विद्यार्थ्याच्या घामाला दाम होते, आणि त्या दामावर त्याचे शिक्षण चालत होते. आजच्या नव्या योजनेत घाम आहे, दाम नाही. हा फरक आमच्या पालकांनी ध्यानात घ्यावा.

गुण देणारा हात

चौथा प्रश्न सर्वात जीवघेणा आहे. लेखी परीक्षेत उत्तरपत्रिकेवर आसन क्रमांक असतो. प्रात्यक्षिकात, तोंडी परीक्षेत, अंतर्गत मूल्यमापनात मात्र परीक्षकासमोर आडनावासह माणूस उभा असतो. अनुभवाधिष्ठित शिक्षणात तर जवळजवळ सगळेच गुण असे समोरासमोरचे असतात. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील जातिभेदाच्या तक्रारींवर नेमलेल्या डॉ. सुखदेव थोरात समितीने २००७ साली अहवाल दिला. अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांनी प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षांत होणाऱ्या भेदभावाबद्दल समितीपुढे केलेल्या तक्रारी त्यात नोंदल्या आहेत.

वैद्यकीय शिक्षण म्हणजे तर हाताने शिकण्याचे शिक्षण. वरिष्ठांनी रुग्णाजवळ उभे केले तरच कनिष्ठ डॉक्टर शिकतो. मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी या आदिवासी कन्येने २२ मे २०१९ रोजी आत्महत्या केली. तीन वरिष्ठ डॉक्टर तिला जातीवरून हिणवत, प्रसूतीच्या कामापासून दूर ठेवत, असा आरोप झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. निकाल न्यायालय देईल. परंतु त्या आरोपातून एक गोष्ट प्रत्येकाने शिकावी. जेथे करून शिकायचे असते, तेथे करू न देणे हीच शिक्षणबंदी असते. शंबूकाची आणि एकलव्याची गोष्ट आमचे लोक अजून का सांगतात, हे ज्यांना कळत नाही त्यांनी येथे थांबून विचार करावा. एकलव्याचा अंगठा म्हणजे त्याचा सरावच होता.

मग हे शिक्षण नाकारायचे का?

नाही! एवढे सगळे सांगूनही आमचे म्हणणे असे आहे की, हे शिक्षण आपण नाकारू नये, ताब्यात घ्यावे. कारण त्याची खरी परंपरा आपल्याकडे आहे.

१८५५ साली फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदया'त छापून आला. शाळेत शिकवलेले तिने पाठ म्हणून दाखवले नाही. घरादाराचा अनुभव समोर ठेवून तिने धर्माला जाब विचारला. अनुभव, त्यावर विचार, त्यातून प्रश्न आणि प्रश्नातून कृती, हे सगळे चक्र त्या मुलीने कोल्ब जन्माला येण्यापूर्वीच पूर्ण केले होते.

बाबासाहेबांनी सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ साली सुरू केले. तेथे विद्यार्थ्यांची संसद होती. १९५० साली त्या संसदेपुढे स्वतः बाबासाहेब हिंदू कोड बिलावर बोलले. ज्या कायद्यावरून देश ढवळून निघत होता, त्याची चर्चा कायदामंत्री महाविद्यालयाच्या पोरांसमोर करत होता! औरंगाबादला १९५० साली महाविद्यालय सुरू झाले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. तेथील प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले आणि विद्यार्थ्यांनी ते उभे केले. त्याच नागसेनवनाच्या भूमीत पुढे दलित साहित्याची चळवळ फोफावली, डॉ. गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' उभे राहिले. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा १९७८ पासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत चालला. त्यात तुरुंगात गेलेल्या विद्यार्थ्यांनी राज्यशास्त्र कोणत्या वर्गात शिकले असेल?

स्त्रियांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा इतिहास कोणत्याही विद्यापीठाने लिहिला नव्हता. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून गावोगाव फिरल्या, म्हाताऱ्या झालेल्या कार्यकर्त्यांच्या पायाशी बसल्या, त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक उभे केले. येथे विचारणारी आणि सांगणारी एकाच चळवळीच्या लेकी होत्या. पुढे पुणे विद्यापीठातील क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात डॉ. शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रियांची आत्मकथने अभ्यासाला आणली आणि २०१० साली जोतीरावांच्या 'तृतीय रत्न' या नाटकाचे नाव घेऊन फुले-आंबेडकरी स्त्रीवादी अध्यापनाची मांडणी केली. बाबासाहेबांनी स्वतःच्या अपमानाचे प्रसंग 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहिले. त्यात १९२९ साली चाळीसगावला टांगेवाल्यांनी त्यांना नेण्यास नकार दिल्याचा आणि पुढे टांग्याला झालेल्या अपघाताचा प्रसंग आहे. ज्या कोलंबियात ते शिकले, त्याच कोलंबियात हे लेखन अभ्यासाला लावले गेले. अनुभव असा पाठ्यपुस्तक होतो!

काय करता येईल?

आता प्रत्यक्ष कामाचे बोलू. क्षेत्र प्रकल्प सक्तीचा आहे ना? मग विषय आपण निवडू.

विधी शाखेच्या विद्यार्थ्यांनी अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे १९९५ चे नियम हाती घ्यावेत. नियम १७ प्रमाणे जिल्हा दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा झाली पाहिजे. नियम १६ प्रमाणे मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील राज्य समितीची बैठक वर्षातून किमान दोनदा झाली पाहिजे. आपल्या जिल्ह्यात गेल्या पाच वर्षांत किती बैठका झाल्या, किती पीडितांना अर्थसाहाय्य मिळाले, हे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येते, आणि उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. हा प्रकल्प करणारा विद्यार्थी कायदा कधी विसरणार नाही, आणि समितीही त्या विद्यार्थ्याला विसरणार नाही.

वाणिज्य आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आपल्या ग्रामपंचायतीचे दप्तर पाहावे. स्वतःच्या उत्पन्नातील पंधरा टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करणे ग्रामपंचायतीवर बंधनकारक आहे. ती कशावर खर्च झाली? २०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्यात अनुसूचित जातींची लोकसंख्या ११.८ टक्के आहे. त्या प्रमाणात तरतूद झाली का, झालेली कुठे वळली? ज्या मुलांचे आईबाप ऊसतोडीला जातात, त्यांनी मुकादमाकडून घेतलेली उचल, एका कोयत्यामागे तुटलेला ऊस, वजनाच्या पावत्या आणि हंगामाअखेर अंगावर राहिलेले कर्ज यांचा ताळेबंद मांडावा. ऊस तोडणे हे शिक्षण नव्हे. परंतु तोडलेल्या उसाचा हिशेब मागणे हे अर्थशास्त्राचे सर्वात अस्सल शिक्षण आहे.

विज्ञान शाखेच्या मुलांनी गावातील आणि बौद्ध वस्तीतील पाण्याचे नमुने एकाच दिवशी घ्यावेत आणि आपल्याच प्रयोगशाळेत क्षार, फ्लोराइड, नायट्रेट आणि जंतू तपासावेत. १९२७ साली महाडच्या तळ्याचे पाणी आपल्या स्पर्शाने बाटले म्हणून गोमूत्र-शेण घालून ते शुद्ध करणारे लोक या महाराष्ट्रात होते. पाण्याला जात नसते हे रसायनशास्त्र सांगेल. नळ कुठे संपतो हे वस्ती सांगेल. दोन्ही एका वहीत लिहा.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी गटारात उतरणाऱ्या माणसाकडे पाहावे. २०१३ च्या कायद्याने गटारांची धोकादायक सफाई माणसाकडून करून घेणे गुन्हा ठरवले, तरी मृत्यू थांबलेले नाहीत. केरळमधील काही तरुण अभियंत्यांनी २०१८ साली मॅनहोल साफ करणारे 'बँडिकूट' हे यंत्र आणले. हे काम महाराष्ट्रातील शेकडो अभियांत्रिकी महाविद्यालयांपैकी एखाद्याला का सुचू नये?

मराठी, इतिहास आणि पाली शिकणाऱ्यांपुढे तर घड्याळ धावते आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर जे पंधरा वर्षांचे होते, ते आज ऐंशी पार करून गेले आहेत. आपल्या प्रत्येक वस्तीत असा एखादा आजोबा, एखादी आजी अजून आहे. ती कशी निघाली, भाकरी कशाची बांधली, परत आल्यावर घरातले देव कुठे नेऊन टाकले, गावाने त्याचा काय सूड घेतला, हे तिच्याकडून आजच लिहून घेतले नाही तर उद्या ते कोणत्याही ग्रंथालयात सापडणार नाही. तिचे नाव प्रकल्पात 'माहितीदाता' म्हणून नव्हे, सहलेखिका म्हणून आले पाहिजे.

आमच्या मागण्या

विद्यापीठांकडे आणि शासनाकडे आमच्या मागण्या अशा आहेत. सक्तीच्या प्रत्येक कार्य प्रशिक्षणाला विद्यावेतन द्यावे आणि ते काम सुरू असतानाच द्यावे. प्रशिक्षणाच्या जागा ओळखीवर न सोडता विद्यापीठाने जाहीर यादीतून द्याव्यात आणि त्यात आरक्षण पाळावे. अंतर्गत आणि तोंडी गुणांचे निकष आधी लेखी द्यावेत, परीक्षक मंडळात मागासवर्गीय प्राध्यापक असावा, आणि गुणांची तफावत प्रवर्गनिहाय दरवर्षी प्रसिद्ध करावी. ज्या वस्तीत प्रकल्प झाला, त्या वस्तीपुढे त्याचा अहवाल मराठीत वाचून दाखवावा. वस्तीने मान्य केल्याशिवाय श्रेयांक देऊ नयेत.

आमच्या प्राध्यापक बांधवांनाही आम्ही एक गोष्ट सांगू इच्छितो. आरक्षणाच्या लढ्यातून आपण त्या खुर्चीवर बसलो आहोत. प्रकल्पाच्या वह्यांवर डोळे मिटून सह्या करणे, नेटवरून उतरवलेले अहवाल स्वीकारणे, हे आपल्याला शोभत नाही. प्रकल्पाचा विषय निवडताना आपण मुलांच्या शेजारी एक तास बसलो, तर दहा मोर्चांचे काम होईल. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरचा अनुभव लपवू नका आणि नुसता उगाळूही नका. त्याला प्रश्न विचारा, त्याला आकडे जोडा, त्याला कायद्याशी आणि इतिहासाशी भिडवा. रडगाणे आणि शोधनिबंध यांत एवढेच अंतर आहे.

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झाली. म्हणून दरवर्षी त्या दिवशी महाविद्यालयांत कार्यक्रम होतात, झाडू हाती घेऊन फोटो निघतात. परंतु तोच २४ सप्टेंबर हा १८७३ साली जोतीरावांनी सत्यशोधक समाज स्थापन केल्याचा दिवस आहे, आणि तोच १९३२ साली पुणे करारावर सही झाल्याचा दिवस आहे. येत्या २४ सप्टेंबरला आपल्या मुलांनी प्राचार्यांकडे एवढेच मागावे की, या वर्षी झाडू कपाटात राहू द्या. आम्हाला गावाचे सत्य शोधायचे आहे, त्यासाठी एक वही, एक मार्गदर्शक आणि तीस तास द्या. सेवा बरीच झाली, आता सत्यशोधन!

जयभीम!